फुलांची पोच

माझी वहिनी फुलं विकते, यावर बाहेरगावच्या माणसाचा पटकन विश्वास बसत नाही. तिचं तोंड ऐकून त्याला वाटतं, ही बाई चाबूक विकत असणार. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ती 'या' म्हणत नाही, 'काय?' म्हणते. त्याने गुलाब हातात घेतला की 'दाबू नका, आंबा नाही तो' म्हणते. आणि तो काही न घेता निघाला, तर त्याच्या पाठीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणते, "आले होते वारा खायला."

मी तिची नणंद. आमचं पटत नाही, आणि पटावं म्हणून कुणी जिवाचं रानही केलेलं नाही. दादा गेला तेव्हा दुकान नुकतं उभं राहत होतं. तिला स्कूटर येत नव्हती आणि मला गुच्छ बांधता येत नव्हता, एवढ्यावर आमची भागीदारी टिकून आहे. ती बांधते, मी पोचवते, आणि मधल्या वेळात आम्ही भांडतो.

दुकान बस स्टँडच्या समोर, खत-बियाण्यांच्या दुकानाला चिकटून. एका भिंतीच्या अलीकडे निशिगंध आणि पलीकडे युरिया. पावडर आमच्या जरबेरावर उडते म्हणून वहिनीने खतवाल्याशी वैर धरलंय, आणि आमच्या बादल्यांचं पाणी त्याच्या पोत्यांखाली जातं म्हणून त्याने आमच्याशी.

आमच्या गावातली पोरं शिकली की जातात. मागे आईबाप राहतात, जनावरं राहतात आणि कुलूप लावलेल्या खोल्या राहतात. वाढदिवस आला की पोरांना लांबून उमाळा येतो आणि ती आमच्याकडे फोन करतात, कारण आसपासच्या सगळ्या टापूत फुलांचं दुसरं दुकान नाही. फुलं घेऊन मी चिखल तुडवत मळ्यांतल्या घरांपर्यंत जाते. कुत्री मागे लागतात, तीही ओळखीची झालीत.

या कामात वहिनीने घालून दिलेला एक कायदा आहे. फुलं ज्याची त्याच्या हातात द्यायची, त्याच्याच दारात. 'नको' म्हणायचं असेल तर त्याने दारात उभं राहून म्हणावं, दुसऱ्या कुणाचं 'नको' आम्ही धरत नाही. मग मी येऊन काय झालं ते सांगायचं आणि वहिनीने पाठवणाऱ्याला फोन करून पोच द्यायची. समोरचा माणूस जे बोलला तेच, जसंच्या तसं. तिखटमीठ लावायचं नाही आणि साखरही घालायची नाही.

निवृत्त हेडमास्तरांना त्यांच्या मुलीने फुलं पाठवली तेव्हा मास्तर माझ्यावरच खेकसले, "फुलं वाहायला मी मेलोय का?" वहिनीने मुलीला फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, "फुलं पोचली. वडील म्हणाले, फुलं वाहायला मी मेलोय का." मुलगी तिकडे हुंदके द्यायला लागली.

"रडताय कशाला?" वहिनी म्हणाली. "दारापर्यंत चालत आला म्हातारा, खणखणीत ओरडला. तब्येत उत्तम आहे. आनंद माना."

लोक तिच्या नावाने बोटं मोडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिलाच फोन करतात. घरचे 'सगळं बरं आहे' म्हणून वाटेला लावतात. खरं काय ते ही एकटी सांगते.

दुसऱ्यांच्या आईबापांची खबर अशी चोख पोचवणाऱ्या या बाईला स्वतःच्या पोराचा मात्र पत्ता नव्हता. त्याचं असं झालं.

दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. पोरगा शिक्षण संपवून आला होता आणि दुकानात हाताखाली उभा राहायचा. गुलाब जुना झाला की त्याच्या बाहेरच्या पाकळ्या काळ्या पडतात. त्या सोलून टाकल्या की आतलं फूल ताजं दिसतं. हे फुलांच्या धंद्यात सर्रास चालतं आणि वहिनीही करायची. एक दिवस डॉक्टरीणबाई त्यांच्या आईच्या वाढदिवसासाठी गुलाब निवडत होत्या. पोरगा सरळ म्हणाला, "काकू, ही घेऊ नका, शिळी आहेत. आईने पाकळ्या सोलल्यात."

वहिनीने ओल्या हाताने त्याच्या कानाखाली ओढली. चांगला दाढीमिशा आलेला पोरगा, आणि दुकानात माणसं.

तो गाल चोळत एवढंच म्हणाला, "बाबा कधी सोलत नव्हते."

"मग जा बाबांकडेच!"

मी तिथेच उभी होते. डॉक्टरीणबाईंनी पर्स मिटली आणि त्या बाहेर पडल्या. पोराने आईकडे एकदा पाहिलं, आतून पिशवी घेतली आणि संध्याकाळच्या बसने गेला. सुरुवातीला मला त्याचे फोन यायचे. 'आईशी बोल' म्हटलं की ठेवून द्यायचा. मग तेही थांबले, नंबर बदलला.

वहिनीने त्याचं नाव पुन्हा काढलं नाही. पण मला डोळे आहेत. अनोळखी नंबर वाजला की ती आधी हात पदराला कोरडे करायची, मग फोन उचलून घट्ट कानाला लावायची. तो नसला की चेहरा पडायचा, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायची आणि पुन्हा ओल्या हातांनी दांडे कापायला लागायची. त्याचा आवाज एकदा कानावर पडावा, यापलीकडे त्या बाईला काहीही नको होतं. आणखी एक. त्या दिवसापासून शिळा गुलाब मागच्या खताच्या ढिगावर जायला लागला. एकदा मी कारण विचारलं, तर अंगावर आली. "माझी फुलं, माझा उकिरडा. तुमच्या काय पोटात दुखतंय?"

मग तिचा वाढदिवस आला. मी शुभेच्छा दिल्या नाहीत, कारण आदल्या वर्षी दिल्या तेव्हा 'त्या कशाशी खायच्या?' असं विचारलं होतं. दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. हात पुसले, फोन कानाला गेला आणि लगेच स्पीकरवर टेबलावर आला. मुलीचा आवाज होता.

"वाढदिवसाची फुलं पाठवायची होती. सासूबाईंना."

"सासूला?" वहिनीने कात्री चालवत विचारलं. "भांडण झालेलं दिसतंय."

"माझं नाही. त्यांच्या मुलाचं झालंय."

"मग त्याने करावा फोन. जीभ झडली का त्याची?"

"तो इथेच बसलाय," मुलगी म्हणाली. "बोलायची हिंमत होत नाहीये त्याची."

"मग बसू दे. फुलं कुठली?"

"पांढरे गुलाब. ताजे हवेत." जराशी थांबून ती म्हणाली, "पाकळ्या न सोललेले."

कात्री थांबली. माझ्या हातातली रिबीन खाली पडली. वहिनीने फोनकडे असं पाहिलं, जणू त्याने तिला चावा घेतलाय.

"पत्ता?" तिचा आवाज एकदम चिरका झाला होता.

"बस स्टँडसमोर, खताच्या दुकानाला लागून. फुलांच्या दुकानातच देता येतील का?"

वहिनीने फोन बंद केला आणि उपडा आपटला. मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो ऐकून खतवाला गल्ला सोडून आमच्या दारात आला. "लग्न करून बसला! आईला कळवायला नको? आणि ही भवानी मला शिकवणार सोललेली आणि न सोललेली? वन्सं, तुम्हाला माहीत होतं!"

"माहीत असतं तर माझ्या पोटात राहिलं असतं का?" मी म्हटलं. हे तिलाही पटलं.

"ऑर्डर रद्द. नकोत म्हणावं."

"असं कसं?" आता माझंही डोकं फिरलं. "नको म्हणायचं ते दारात. कायदा तुझाच. तू अजून दुकानदारीण आहेस, घेणारी नाहीस. आधी गुच्छ होऊ दे."

दुसऱ्या दिवशीच्या लग्नाच्या गाडीसाठी पांढरे गुलाब बादलीत काढून ठेवले होते. मी सरळ त्यांत हात घातला आणि कापायला लागले. दोन दांडे कापले असतील नसतील, तिने कात्री हिसकावली. "असे सरळ कापतात का? पाणी कुठून पिणार ते? आयुष्य गेलं फुलांत, अक्कल आली नाही." मग तिने स्वतः बांधला. मला, पोराला, न पाहिलेल्या सुनेला आणि खतवाल्याच्या युरियाला शिव्या देत देत बांधला. इतका देखणा गुच्छ तिने कधी बांधला नव्हता, हे मी कबूल करते.

तो घेऊन मी मागच्या दाराने बाहेर पडले, खताच्या दुकानाला वळसा घातला आणि आमच्याच पायरीवर येऊन उभी राहिले.

"आहे का कुणी घरात?"

"घर नाही हे, दुकान आहे," वहिनी आतून ओरडली.

"वाढदिवसाची फुलं आहेत. मुलाने आणि सुनेने पाठवलीत. घेताय का परत नेऊ?"

ती दारापर्यंत आली. मला वाटलं, आता गुच्छ रस्त्यावर जाणार. मला तिची खात्री नव्हती, तिलाही नसावी.

"निरोप काय आहे?"

"निरोप सांगायच्या आत इथल्या दुकानदारीणबाईंनी फोन आपटला."

खतवाला हसला. ती नाही हसली. तिने हात कोरडे केले, गुच्छ घेतला आणि स्वतःच बांधलेल्या गुलाबांच्या बाहेरच्या पाकळ्या बोटाने चाचपत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "पोच द्यायला हवी."

"ती तू देतेस. मी फक्त पोचवते."

तिने फोन लावला. तो सवयीने स्पीकरवर टाकला, की मुद्दाम, ते मला सांगता येणार नाही. यावेळी पोराने उचलला.

"फुलांच्या दुकानातून बोलतेय," वहिनी नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाली. "फुलं पोचली."

त्याने विचारलं, "घेतली का?"

"घेतली."

"काय म्हणाली?"

"आधी शिव्या दिल्या. लग्न केलंस आणि कळवलं नाहीस म्हणून."

"बरोबर आहे तिचं. आणखी काही?"

वहिनीने माझ्याकडे पाठ केली. "म्हणाली, बाबांकडे जा असं मी बोलले. आई असून बोलले. त्यानंतर दारात बस थांबली की रोज छातीत धस्स होतं, कुणी काय बातमी घेऊन उतरेल म्हणून." तिने खाकरून आवाज जागेवर आणला. "आणि ती तेव्हापासून पाकळ्या सोलत नाही. हे ती म्हणाली नाही. हे मी सांगतेय."

"आई," तो म्हणाला.

"ओ, फुलांच्या दुकानात फोन केलाय तुम्ही. आईशी बोलायचं असेल तर तुमच्या तिकडून रात्री बस निघते. आमची फुलांची खोकी त्याच बसने येतात." आणि तिने फोन ठेवला. लगेच माझ्याकडे वळून, येताना पायरीवर चिखल आणला म्हणून माझी हजेरी घेतली.

सकाळी फुलांची खोकी उतरवून घेणं माझं काम. वहिनी कधी स्टँडवर फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तर ती आधीच तिथे होती, इस्त्रीचं लुगडं नेसून, आणि बसच्या पुढच्या दाराशी कंडक्टरला फैलावर घेत होती, उशीर केला म्हणून. बस वेळेवर आली होती. कंडक्टर बिचारा घड्याळ दाखवत होता, पण ती ऐकेना. मागच्या दारातून पोरगा खाली उतरला होता आणि बायकोच्या हातातली पिशवी घेत होता, ते तिला अजून दिसलं नव्हतं.