आधी बाजारात ऐकवा

मला पॉडकास्टवर बोलवायचं असेल तर एक अट आहे. ती आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल आणि माझाही. रेकॉर्डिंग झालं की ते कच्चं माझ्याकडे द्यायचं. मी ते आमच्या भाजीबाजारात बायांना ऐकवणार. त्या म्हणतील ते कापायचं, मगच लोकांसमोर आणायचं. बहुतेक जण इथे फोन ठेवतात. ठेवा.

ही अट मी पहिल्या दिवसापासून घालत नव्हते. घालायला हवी होती, कारण मी पत्रकं लिहून मोठी झाले आहे. अमरावतीला कॉलेजात असताना एका बाईंनी मला पत्रक लिहायला शिकवलं. एक कागद, दोन बाजू. मागणी पहिल्या ओळीत. विशेषण दिसलं की काट. आणि छापायला टाकण्याआधी कच्चा कागद ज्यांचं दुखणं आहे त्यांना वाचून दाखव. "त्यांनी 'हे आमचं नाही' म्हटलं, तर ते तुझं असलं तरी काढ," असं त्या म्हणायच्या.

आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. घरी भाजीचा मळा, आणि माझं सगळं आंदोलन त्याच भाजीच्या बाजारातलं. बाजारामागे विकणाऱ्या बायांसाठी शौचालय बांधलं. फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. पाण्याचं कनेक्शन व्हायचं आहे म्हणे. बाया पहाटे पाचला टोपली घेऊन येतात, दुपारी तीनला उठतात. मधल्या दहा तासांत जावं लागू नये म्हणून कित्येकजणी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा. आमचा उन्हाळा काय असतो ते वऱ्हाडात येऊन बघा.

मी पत्रक काढलं. कुलूप काढा, पाणी जोडा, पहाटे पाचला उघडा. बस. उरलेल्या पत्रकांत बाया सांभार गुंडाळून द्यायच्या, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. अशीच एक जुडी अमरावतीच्या एका पोराच्या घरी गेली. तो पॉडकास्ट करायचा. आईनं जुडी सोडली, त्यानं कागद वाचला आणि खालच्या नंबरवर मला फोन केला.

त्याचा स्टुडिओ म्हणजे झोपायची खोली. पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला, खिडकीवर गादी. पंखा बंद, आवाज येतो म्हणून. घामानं निथळत मी तासभर बोलले, जशी बाजारात बोलते तशी. "फीत कापाले कैची सापडली, कुलूप उघडाले चाबी सापडून नाई रायली?" एवढंच वाक्य त्यानं कापून वेगळं टाकलं आणि ते गावोगाव फिरलं.

मग फोनच फोन. अकोल्याचे दोन, नागपूरचा एक, पुण्याचे तर मोजले नाहीत. पुण्याच्या एका ताईंनी विचारलं, "तुम्ही तुमच्या त्या गोड भाषेतच बोलाल ना?" मी म्हटलं, "ताई, भाषा गोड नाही. मिरची घेणार असाल तर येते." त्यांना तेही गोड वाटलं.

खोटं कशाला बोलू, मला आवडत होतं. हेडफोन कानात घातला की आपलाच आवाज मोठा होऊन परत येतो, आणि वाटतं आपण काहीतरी आहोत. पण मला शिकवण दुसरीच मिळत होती. मागणी सांगायला लागले की समोरच्याचे डोळे घड्याळाकडे जायचे. किस्सा सांगितला की तो पुढे सरकायचा. "पाणी जोडा" एपिसोडमधून कापलं जायचं, माझं थांबणं, सुस्कारा टाकणं राहायचं. मी थांबायला शिकले. सुस्कारा टाकायलाही. जिला पत्रकातलं एक विशेषण सहन होत नव्हतं ती मी, माईकसमोर घसा दाटवायला लागले.

आणि अकोल्याच्या दोघांपैकी दुसऱ्याच्या एपिसोडात सूत्रसंचालकानं विचारलं, "ताई, हे सगळं ठीक. पण एक चेहरा द्या ना आम्हाला. एक बाई. एक प्रसंग."

मी दिली.

बाजाराच्या फाटकाशी एक मावशी बसते. माझी सख्खी मावशी नाही, पण मी चड्डीत होते तेव्हापासून तिच्या टोपलीतले वाटाणे खाल्लेत. त्या कुलपापायी एका बाजाराच्या दिवशी तिच्यावर काय ओढवलं, ते तिनं एकदा मला सांगितलं होतं. तेच मी सांगितलं. नाव घेतलं नाही, याचा मला अभिमान होता. पण फाटक सांगितलं, मेथी-सांभार सांगितलं, हिरवी छत्री सांगितली, आणि यंदा लेकीचं लग्न झालं हेही सांगितलं. शेवटी आवाज खाली आणून म्हटलं, "हे सांगताना ती रडत होती."

तिच्यावर काय ओढवलं होतं ते इथे नाही. खाली शोधू नका, सापडणार नाही.

ती क्लिप पहिलीपेक्षा जास्त चालली. तिसऱ्या दिवशी दोन पोरी मोबाइल घेऊन फाटकाशी उभ्या. "मावशी, तुमीच का वो त्या?" एकीनं फोटो काढला. चौथ्या दिवशी लेकीच्या सासरहून फोन आला. पाचव्या दिवशी मावशीची जागा रिकामी.

मी बाजारात गेले तर नेहमीचं "ये वं" कुणी म्हटलं नाही. वांगी विकणारी काकू वांग्यांवर पाणी मारत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कागद तं बरा वाचून दाखोत होती. एक ओळ लिवली तं सतरा जणीइले विचारे. हे कावून नाई दाखोलं?"

"तो पॉडकास्ट होता काकू. तो वाचून नाही दाखवत."

"कावून? त्याच्यात आमी नाई का?"



मावशीच्या घरी गेले. ती ओट्यावर लसूण सोलत होती. बस म्हणाली नाही, मी बसले. मी तयार करून नेलेलं सगळं बोलले: माझा हेतू, आंदोलनाचा फायदा, हजारो लोकांपर्यंत विषय पोचला. ती सोलत राहिली.

"झालं तुयं?"

"झालं."

"मी कवा रडली वं?"

मी तिच्या पुढ्यातली लसणाची एक पाकळी उचलली.

"सांग न. तुले सांगत होती तवा मी हासत होती का रडत होती?"

"हसत होतीस."

"पोट धरू धरू हासलो आपन दोघी. तू तं खाली बसली होती हासून हासून. अन् तिथं जाऊन रडोलं मले?" लसणाची टरफलं तिनं फुंकून उडवली. "पोरीच्या सासूचा, यायनीचा फोन आला. म्हने, तुमाले येवढा त्रास होता तं आमाले सांगाचं. बिचारी म्हने मले! जिले मी लग्नात मानपानात हरोलं, ते मले बिचारी म्हनते."

मला वाटलं होतं ती लाजून घरी बसलीय. ती लाजलेली नव्हती. ती चिडली होती, आणि सासरच्यांवर नव्हे, त्या पोरींवर नव्हे, माझ्यावर. तिनं ज्या गोष्टीवर हसून मात केली होती ती मी तिच्याकडून काढून घेतली आणि रडकी करून गावाला वाटली.

बाहेर येऊन अकोल्याला फोन लावला. एपिसोड काढा म्हटलं.

"ताई, तो आपला टॉपला चाललेला आहे. आणि तुम्ही स्वतः बोललाय."

"मी खोटं बोलले. ती रडत नव्हती."

"ते डिटेल आहे ताई. भावना तर खरीच ना?"

"भावना माझी होती. बाई तिची तिची आहे. काढा, नाहीतर उद्याच्या पत्रकात पहिली ओळ तुमची."

काढला. क्लिपा अजून कुठे कुठे फिरतात, त्या मला काढता येत नाहीत. पण माझा घसा दाटलेला कुठे ऐकलात तर समजून घ्या, तो नाटकी आहे.

त्या दिवसापासून अट. पुण्याच्या ताई म्हणाल्या, "आम्ही पाहुण्यांना एडिटिंगमध्ये घेत नाही, ते प्रोफेशनल नाही." मी म्हटलं, ज्यांच्या लघवीवर तुमचा एपिसोड चालतो त्यांना न विचारणं हे प्रोफेशनल? त्यांनी फोन ठेवला. हळूहळू फोन आटले. आमच्याच संघटनेतला एकजण म्हणाला, "बाई, लोक माईकसाठी मरून राहिले अन् तू आलेला माईक लाथाडून राहिली." लाथाडत नाही, बाबा. उन्हात आण म्हणते.

आणला तो अमरावतीच्या पहिल्याच पोरानं. माझ्याशी पुन्हा तासभर बोलला आणि कच्चं रेकॉर्डिंग घेऊन दुपारी दोनला, गिऱ्हाईक ओसरल्यावर, बाजारात आला. पालथ्या टोपलीवर स्पीकर ठेवला. बाया भोवती बसल्या. मावशी त्या आठवड्यात परत बसायला लागली होती; ती जागेवरून उठली नाही, पण छत्री बाजूला केली.

पहिली कात्री माझ्यावर चालली. मी कॉलेज, संघर्ष, एकटेपणा वगैरे सांगत होते. काकू म्हणाली, "हे काय वं? हे तुयं दुखनं. हे तुया मायले सांग." कापलं. मग एकीनं तिच्या नवऱ्याचा उल्लेख कापला. एकीनं उलट घालायला लावलं, की शौचालयात नळ बसवलेत, चकचकीत, कुणी हात न लावलेले. पोरगं घामाघूम होऊन वहीत वेळ लिहीत होतं.

शेवटी त्यानं हिंमत करून मावशीकडे माईक नेला. "मावशी, तो प्रसंग तुम्हीच सांगता का? तुमच्या शब्दांत, हसत?"

तिनं माईककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ते नाई सांगत," ती म्हणाली. "कुलूप काढा. पानी जोडा. पाटे पाचले उघडा. घे."

"एवढंच?"

"येवढंच तं पायजे."

तो एपिसोड कुणी फारसा ऐकला नाही. मला त्याची लाज नाही. मी केलेल्यांपैकी तो एकच आहे जो मी कुठेही, कुणासमोरही लावू शकते. कुलूप अजून आहे. आम्हीही आहोत.

हे लिहिलेलंही बाजारात वाचून दाखवलं. काकूनं "वांग्यांवर पाणी मारत होती" हे ठेवायला सांगितलं, आवडलं तिला. मावशीनं शेवट बदलायला लावला. मी लिहिलं होतं, तिनं मला माफ केलं.

"माफ केलं असं नको लिवू," ती म्हणाली. "पायतो म्हन."

तर तसं लिहिते. ती बघणार आहे.