ऋतिकाच्या वेबसाईटचे शुभेच्छुक

पोशीरच्या ऋतिकाला नोकरी हवी होती, आणि तीही कर्जतमध्येच, घरी राहून. एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. अट एकच: स्वतःची वेबसाईट तयार करा आणि तिच्यावर स्वतःचं काम दाखवा. स्वतःचं! पोशीरमध्ये कुणाचं काही निव्वळ स्वतःचं असतं, असं कंपनीला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

पोरीनं मान मोडून काम केलं. वेबसाईटचं नाव नोंदवलं, क्लाऊडवर सर्व्हर घेतला, तोही सगळ्यात लहान, कारण तो पहिलं वर्ष फुकट होता. काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करत तो चालू केला. भिवपुरीच्या शेतघराचं बुकिंग, भातगिरणीत घरबसल्या नंबर लावायची सोय, असं आजवर केलेलं सगळं त्यावर नीट मांडलं. बोट लावलं की वेबसाईट उघडायची.

इतकं सुरळीत चाललेलं मालोजीकाकांना बघवेल कसं? हे तिच्या वडिलांचे, हिरामणचे, थोरले भाऊ. गावात कुणाच्या बारशाचा फ्लेक्स लागला, तरी त्यावर बाळापेक्षा यांचा फोटो मोठा.

"ही वेबसाईट ऱ्हाते कुठं?" काकांनी विचारलं.

"भाड्याच्या कॉम्प्युटरवर, काका. तो लांब असतो, आपण इंटरनेटवरून वापरायचा."

"भाड्यानं? हिरामण, आपली एवढी जागा पडलीय नि तुझी पोर भाड्यानं ऱ्हाते?" मग त्यांनी वेबसाईट वरखाली सरकवून पाहिली. "शुभेच्छुक कुठं हायत?"

"काका, यावर शुभेच्छुक नसतात."

"नसतात? मंग लोकांना कळंल कसं, तुझ्या पाठीशी कोन हाय ते?"

हिरामण आयुष्यात थोरल्या भावापुढे बोलला नव्हता, तो आता काय बोलणार! "टाक गं एक फोटो. काय जातंय?" म्हणाला. काकांचा फोटो लागला हे कळल्यावर चांगोमामा रुसले. मामांचा लागला तेव्हा आत्याच्या घरी चूल थंडावली. बघता बघता तीस-बत्तीस तोंडं गोळा झाली. वेबसाईट जड होऊ नये म्हणून ऋतिकानं शहाणपणा करून फोटो बारीक केले, तर काकांनी स्वतःचा फोटो बोटांनी ताणून बघितला. "माझं तोंड पुसट का दिसतं गं?" झालं! सगळे फोटो परत मूळच्या आकारात, आणि मानाप्रमाणे सगळ्यात वर. बिचारा फुकटातला सर्व्हर, त्याच्या डोक्यावर अख्खी भावकी बसली.

मुलाखतीच्या दिवशी कंपनीच्या पद्मजा मॅडमनी तिच्यासमोरच वेबसाईट उघडली. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. बऱ्याच वेळानं वरून मालोजीकाकांचा फेटा उतरला, मग कपाळ, मग मिशी.

"हे कोण?"

"काका."

"त्यांनीही कोडिंग केलंय?"

"नाही. ते पाठीशी आहेत."

"आणि तुमचं काम?"

"खाली आहे, मॅडम."

मॅडमचा चहा पिऊन झाला तरी वेबसाईट चांगोमामांच्या गॉगलाखाली सरकेना. त्यांनी फोन बाजूला ठेवला. "शुक्रवारी परत या. पण तेव्हा मला तुम्ही दिसायला हव्यात."

घरी येताना ऋतिका स्वतःवरच चिडली होती. कॉम्प्युटरला हुकूम सोडणारी आपण, आणि काकांना एक 'नाही' म्हणता येऊ नये? घरी पोचताच तिनं सगळे फोटो काढून टाकले.

जी वेबसाईट एरवी कुणी ढुंकून पाहिली नसती, ती त्या संध्याकाळपर्यंत साऱ्या भावकीनं उघडली. "आमाला काढलं!" असा एकच गिल्ला झाला. गुरुवारी काकांच्या मुलीची, हर्षलाची हळद होती. ऋतिका आणि हर्षला एका ताटात जेवून वाढलेल्या, करवली म्हणून ऋतिकानं हिरवी साडीही घेतली होती. हर्षलाचा फोन आला. "तू नको येऊस गं. बाबा मांडवात तमाशा करतील." हळदीची गाणी ऋतिकाच्या घरापर्यंत ऐकू येत होती. ती उशीत तोंड खुपसून रडली. फोटो परत लावले तर उठून मांडवात जाता येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं ते लावले नाहीत.

शुक्रवारी मॅडमनी बोट लावलं आणि भातगिरणी लगेच समोर आली. त्यांनी उत्साहानं नंबरही लावून पाहिला.

"मोठा सर्व्हर घेतलात?"

"नाही, तोच आहे."

"मग केलंत काय?"

"नातेवाईक काढले."

मॅडम खळखळून हसल्या. ऋतिकाही हसायला गेली, पण हसता हसता तिनं डोळे पुसले. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि एक तारखेपासून कामावर यायला सांगितलं.

बाहेर येऊन तिनं वडिलांना फोन लावला. "नोकरी लागली, बाबा. माझ्या कामाच्या जोरावर लागली."

हिरामणला भरून आलं. त्यानं ही खबर आधी मांडवात शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या भावाला दिली. पलीकडे काहीतरी कुजबुज झाली, आणि तो परत फोनवर आला.

"दादा म्हनतो, अखेर आपलं वजन कामाला आलं. उद्या नाक्यावर फ्लेक्स लावतोय तो. तुझा एक फोटो धाड, बाय. लहान असला तरी चालंल, वरती जागा उरली नाय."