कात्रीबाईकडचं पिल्लू

गल्लीत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. कपडे शिवायची म्हणून, आणि जिभेला धार होती म्हणूनही. नवरा गेल्यापासून दोन खोल्या आणि शिलाई मशीन, एवढाच तिचा संसार.

धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. एका सकाळी तो शर्टात कुत्र्याचं पिल्लू गुंडाळून दारात उभा.

"ताई, लांबची फेरी आहे. येईपर्यंत सांभाळ."

"माझं घर काय रिकामं पडलंय?"

"आईपासून नुकतंच तोडलंय गं. कुठे टाकू?"

"जिथून उचललंस तिथे."

तोवर तो जिना उतरलाही होता.

पिल्लू मशीनखाली बसलं आणि सुरू झालं. कुंईकुंई, कुंईकुंई. तिने दूध ठेवलं. ते पिऊन पुन्हा तेच. खाली फिरवून आणलं, तरी तेच. ती खेकसली तसा आवाज आणखी चढला. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं. त्या कटकटीत एक बाही उलटी लागली आणि उसवताना कापड फाटलं. तिने पिल्लाची मानगूट धरली, मोरीत टाकलं आणि बाहेरून कडी घातली.

शेजारचे पेन्शनर लगेच दारात. "अहो बाई, दोन फटके द्या, गप्प बसेल."

"तुम्हाला दिले तर बसाल?"

"तोंड सांभाळा! घरमालकाला सांगतो."

"खुशाल सांगा. तुमचा रेडिओ सकाळपासून बोंबलतो, तेही सांगा."

तिने त्यांच्या तोंडावर दार आपटलं.

मोरीतला आवाज आता बदलला होता. मघाशी ते कुणाला तरी हाका मारत होतं. आता मध्येच थांबत होतं आणि एकदम किंचाळत होतं. तिने कडी काढली. पिल्लू तीन पायांवर उभं, पुढचा एक पंजा वर धरलेला. तिने तो पकडताच ते तिच्या बोटाला कडकडून चावलं.

"मेल्या!" ती ओरडली, पण पंजा सोडला नाही. पंजाच्या मऊ गादीत टाचणी रुतली होती. तिचीच. तिच्याच खोलीत सांडलेली, केराबरोबर मोरीत गेलेली.

टाचणी उपसून तिने पंजा मिठाच्या पाण्याने धुतला. तिला भयंकर राग आला होता, आणि या वेळी तो काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

मग तिने लोहचुंबक फिरवून सगळी जमीन साफ केली. पिल्लू पुन्हा कुरकुरलं. ती ओरडली नाही, नुसतं ऐकलं. आपलं वापरलेलं जुनं झंपर पायापाशी टाकलं. पिल्लू त्यात नाक खुपसून झोपलं.

हळूहळू तिला फरक कळू लागला. दाराशी कुरकूर म्हणजे बाहेर न्या. वाटीपाशी म्हणजे भूक. नुसतंच लक्ष हवं असेल तर ती ढुंकून पाहायची नाही. "बघू कोण आधी दमतं," म्हणत शिवत राहायची. ते गप्प झालं की मगच हात खाली सोडायची.

भाऊ परतला. "दे ताई, नेतो."

"कुठे ठेवणार?"

"केबिनमध्ये, बांधून. माल उतरवताना एकटं राहील, सवय होईल."

"मग ते इथंच राहील. तू चालता हो."

"कुत्रं माझं आहे!"

"टाकून जाताना आठवलं नाही?"

चांगलंच वाजलं. तो पाणीही न पिता गेला, तो पुढे फोनही करेना. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. पिल्लाचं कुत्रं झालं. जिन्यात पेन्शनर दिसले की ते गुरगुरायचं, आणि कात्रीबाई त्याला आवरायची नाही.