आलवणातली मैत्रीण

शाळेची सकाळची प्रार्थना संपत आली होती, तेवढ्यात यमुनेचा पुतण्या फाटकातून आत आला. अनवाणी होता. त्याने काही सांगण्याआधीच मला कळलं. "काकू गेली," तो म्हणाला. पंधरा दिवस ताप हटलाच नव्हता... तिला जाऊन आता महिना झाला. रत्नागिरीतल्या कितीतरी घरांतल्या मुली तिला 'यमुनाबाई' म्हणून ओळखतात. तिच्याबरोबर एका बाकावर बसून शिकलेली मी, म्हणून हे लिहिते.

आमची शाळा मिशनची. चर्चच्या पडवीत चार मुलींना अक्षरं शिकवण्यापासून ती सुरू झाली म्हणतात. मला आठवते ती चिऱ्यांची इमारत झाल्यानंतरची. चौदा सालचं महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती आणि मॅट्रिकपर्यंतचे वर्ग नुकते जोडले होते. वरच्या वर्गात आम्ही पाचजणी, सगळ्या ख्रिस्ती. त्यात एके दिवशी विधवेचं लाल आलवण नेसलेली सोळा-सतरा वर्षांची यमुना माझ्या शेजारी येऊन बसली. माहेरी वडिलांनी इंग्रजीपर्यंत शिकवलेलं. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला. मुंबईच्या दिराने पत्रं लिहून लिहून तिच्या सासऱ्यांना राजी केलं होतं. पण अटी कडक. शाळेत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि घरी आल्यावर मागीलदारी विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. सासूबाई स्वतः तिच्या अंगावर कळशा ओतायच्या, पाऊस असो की थंडी.

एका दुपारी शिवणाच्या तासाला ती बाकावरून खाली कोसळली. एकादशीचा कडक उपास होता, हे मला काय ठाऊक! मी घाबरून माझा तांब्या तिच्या ओठांना लावला. दोन घोट पोटात गेले. ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासऱ्यांनी अंगणातच विचारलं, "पाणी प्यायलीस?" ती हो म्हणाली. पुढे मला सांगायची, "नाही म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण प्यायले तर होत्ये ना."

तिची शाळा बंद झाली. शाळा चालवणाऱ्या आमच्या मिससाहेब तिच्या घरी गेल्या, उन्हात अंगणात उभ्या राहिल्या, आणि तशाच परत आल्या. माझ्या हातून हे झालं, या विचाराने मला जेवण जाईना. पंधरवड्यानंतर सासूबाईच नवऱ्याला म्हणाल्या, "बाहेरचा विटाळ मी रोज धुत्ये, आतला पंचगव्याने धुवीन. परीक्षा काय तुम्ही देणार आहात?" दुसऱ्या दिवशी यमुना वर्गात होती.

ती मॅट्रिक झाली, माझ्याबरोबर आमच्याच शाळेत बाई झाली. पण इतक्या वर्षांत माझ्या हातचं पाणी तिने घेतलं नाही. सासूबाईंना तसा शब्द दिला होता. मला राग यायचा. एकदा बोलूनही दाखवलं. "एस्तर," ती म्हणाली, "त्यांच्या कळशांवरच मी शिकल्ये गो..."

चार वर्षांपूर्वी सासूबाई वारल्या. तेरावा उरकल्यावर ती माझ्या घरी आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पाणी दे." मी तांब्या भरून तिच्या हातात दिला. सावकाश सगळं पाणी प्यायली. मग म्हणाली, "त्यांनीच सांगितलं जाताना. आता त्या मुलीकडे पाणी पी, म्हणाल्या."

तिचा सातवीचा वर्ग आता माझ्याकडे आहे. परवा एक मुलगी तीन आठवड्यांनी शाळेत आली, खाली मान घालून दारात उभी राहिली. इतके दिवस कुठे होतीस, असं विचारायला मी तोंड उघडलं... तोवर पुढच्या बाकावरची मुलगी सरकून बसली होती. पुस्तक उघडून, पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "ये. आपण इथवर आलोय."

मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

"यमुनाबाई असंच म्हणायच्या," ती म्हणाली. "त्या कारण नाही विचारायच्या."