वगळलेलं एक वाक्य

माझे वडील टोबियास हेर्विग विणकराच्या घरात जन्मले. शाळेतल्या गरीब मुलांच्या टोळीबरोबर दारोदार स्तोत्रं गात, मिळेल त्या पावाच्या तुकड्यावर ते लॅटिन शिकले. आवाज फुटला तसं गाणं सुटलं, लॅटिन मात्र राहिलं. त्याच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळाली आणि एकतिसाव्या वर्षी ते आमच्या व्हेंडेनरोडेच्या विद्यापीठात हिब्रूचे प्राध्यापक झाले.

पवित्र शास्त्रात जी झाडं येतात त्यांच्यावर ते अठरा वर्षं ग्रंथ लिहीत होते. त्यांतली निम्मी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आई म्हणायची, "अहो, मागच्या अंगणातलं नासपतीचं झाड वाळून काष्ठ झालंय. त्याची पण कुठे नोंद करा!"

"शास्त्रात नासपती नाही गं," ते गंभीरपणे म्हणायचे.

पन्नाशीला त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी मला वाचायला शिकवलं होतं, आधी लॅटिन आणि मग हिब्रू अक्षरं. चौदाव्या वर्षापासून मी त्यांना रोज सकाळी धडा वाचून दाखवायची आणि ते तो पाठ करून शिकवायला जायचे. एकदा विद्यार्थ्यांनी त्यांच्या पुढ्यातलं पुस्तक उलटं करून ठेवलं. बाबा पान उलटत तासभर बोलत राहिले. शेवटी हशा पिकला, तेव्हा कारण कळल्यावर तेही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

मी बावीस वर्षांची होते, त्या हिवाळ्यात आमच्या राजाने पंथ बदलला. लूथरचा पंथ सोडून तो कॅल्व्हिनच्या बाजूला गेला, आणि हुकूम निघाला की प्रत्येक प्राध्यापकाने नव्या पंथाच्या श्रद्धेच्या कबुलीपत्रावर सही करावी. नाहीतर सहा आठवड्यांत घरदार घेऊन राज्याबाहेर जावं. त्या वेळी आई अंथरुणाला खिळली होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते, उशीला टेकून बसल्याशिवाय तिला श्वास घेता येत नव्हता.

डीन क्रिस्पिन फोल्मार बाबांच्या शाळेपासूनचे मित्र. ते आमच्याकडे आले आणि शेगडीपाशी बसले.

"सही कर रे बाबा, टोबियास. बायको गाडीत घालून बर्फातून नेणार आहेस का?"

"प्रभुभोजनाच्या पाव-द्राक्षरसात प्रभू खरोखर नसतो, ती नुसती खूण आहे, असं मी लिहून देणार नाही," बाबा म्हणाले. "बाकी काय हवं ते लिहून घे. वेदीवरच्या मेणबत्त्या काढा, चित्रं काढा. पण एवढं नाही."

"मसुदा मवाळ करायचं चाललंय," फोल्मार म्हणाले. "मी कागद पाठवून देतो. मुलीकडून वाचून घे."

चार दिवसांनी लॅटिनमधला कागद आला. बाबा खुर्चीत ताठ बसले, हात गुडघ्यांवर. मी वाचायला लागले. एकूण बारा कलमं होती. आठ झाली. नववं मी डोळ्यांनी आधी वाचलं. काहीही मवाळ झालं नव्हतं; तीन ओळींत तेच होतं, उलट आणखी ठासून.

पलीकडच्या खोलीत आई श्वासासाठी धडपडत होती. तो आवाज आम्हा दोघांनाही ऐकू येत होता.

मी दहावं कलम वाचलं, नववं म्हणून.

"एवढंच?" संपल्यावर बाबांनी विचारलं.

"एवढंच, बाबा."

"परत वाच."

मी परत वाचलं. पहिल्यांदा जीभ आपोआप पुढे गेली होती, असं मी स्वतःला सांगू शकते. दुसऱ्या वेळेबद्दल तसं सांगता येत नाही. बाबांनी सुटकेचा श्वास टाकला, म्हणाले, "क्रिस्पिनने शब्द पाळला," आणि मी त्यांचा हात धरून लेखणी जागेवर टेकवली.

ईस्टरच्या आधीच्या एका रविवारी प्रवचनानंतर ती कलमं जर्मनमध्ये वाचून दाखवली गेली आणि खाली सही करणाऱ्यांची नावं. बाबा प्राध्यापकांच्या बाकावर होते, मी बायकांच्या बाजूला. नववं कलम ऐकलं आणि त्यांनी मान वळवली. दिसत तर काहीच नव्हतं, पण चेहरा नेमका माझ्याकडे होता.

घरी जाताना त्यांनी नेहमीसारखा माझा दंड धरला. विहिरीपाशी थांबले.

"किती ओळी होत्या?"

"तीन."

"तीन ओळी," ते म्हणाले आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी ते फोल्मारांकडे गेले. मी दाराशी उभी होते. फोल्मार आवाज चढवून म्हणाले, "मग सांग विद्यापीठाच्या सभेला! सांग की पोरीने फसवलं. राजाच्या कागदात लबाडी केली म्हणून तिला चौकात खांबाला बांधतील. आणि तिला लॅटिन कुणी शिकवलं, तेही विचारतील. बोल, जातोस?"

बाबांनी दाराशी येऊन माझा दंड धरला. सभेकडे ते गेले नाहीत.

आई मे महिन्यात वारली.

सही न करता निघून गेलेल्या दोघांना दुसरीकडे जागा मिळाल्या. त्यांच्यातला एक बाबांचाच विद्यार्थी. त्याने एक पत्रक छापलं, त्यात बाबांना 'पोटासाठी प्रभू विकणारा आंधळा' म्हटलं होतं. ते वाचून दाखवायला घरात दुसरं कोण होतं? मीच वाचलं.

"काही गाळू नकोस," बाबा म्हणाले.

मी अक्षर न् अक्षर वाचलं.

पुढे नऊ वर्षं त्यांनी शिकवलं. झाडांच्या ग्रंथाचं नावही काढलं नाही. प्रभुभोजनाला कधी गेले नाहीत; त्या रविवारी पोट दुखतं म्हणायचे. मला रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाया पडले असते.

शेवटच्या आजारात ते म्हणाले, "सिबिला, प्रभुभोजन द्यायला आपल्या जुन्या रीतीचा कुणी पाळक मिळतो का बघ." सीमेपलीकडे एक दिवसाच्या वाटेवर एक होता. मी चालत गेले. त्याने नाव ऐकलं आणि दार अर्धं लोटलं.

"हेर्विग? यादीतला?"

मी खरं काय ते सगळं सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"असं प्रत्येकाची मुलगी सांगेल, बाई," तो म्हणाला. "आधी त्यांनी चारचौघांत सही मागे घ्यावी. मग येतो."

उठून बसवत नाही त्या माणसाने चारचौघांत जायचं कसं? मी उंबऱ्याशी बराच वेळ उभी राहिले. मग परतले.

"आले का?" माझी चाहूल लागताच बाबांनी विचारलं.

"नाही आले, बाबा."

"बरं," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.

तिसऱ्या दिवशी ते गेले. विद्यापीठाने सगळा मान दिला. काळे झगे, घंटा, लांबलचक लॅटिन भाषण. नव्या सत्यावर सर्वांत आधी सही करणाऱ्यांत हे धैर्यवान गृहस्थ होते, असं रेक्टर म्हणाले. त्या गर्दीत लॅटिन कळणारी मी एकटीच बाई होते. मी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.