काच धुणारी

"काचा कशा धुवायच्या ते हिला विचारा. बाकीचं मला विचारा."

सर असं म्हणाले आणि सगळं सभागृह हसलं. अकोल्याची परिषद होती. मी पाचव्या रांगेत, मांडीवर वही. समोर भिंतीवर दिसणारी सूक्ष्मदर्शकातली चित्रं मीच काढलेली. त्यांत एक पातळ पडदा, फाटलेला, भोकं पडलेला. सर त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत होते, अस्वच्छ हातांनी काम केलं की असं होतं. माझं नाव घेतलं नाही. 'हिला' म्हणाले. सगळ्यांच्या माना वळल्या. आणि मीसुद्धा हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

अमरावतीला मी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करते. काम काय ते सांगते, कारण ते माझं आहे. जिवंत पेशीभोवती चरबीच्या रेणूंचा एक पातळ पडदा असतो. तसाच पडदा आम्ही काचेच्या पट्टीवर, पाण्याखाली बसवतो. मग त्यावर पॉलिमर सोडतो. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांबच लांब साखळी. आमच्या साखळीवर धन प्रभार, पडद्यावर थोडा ऋण. दोघं एकमेकांना धरतात, हे पुस्तकात आहे. धरल्यावर पडद्याचं काय होतं, ते आम्हाला बघायचं होतं. बुरशी मारणाऱ्या औषधांना ते कामाचं आहे.

निखिलचा पडदा शाबूत राहायचा. निखिल म्हणजे सरांचा लाडका, पुण्याहून आलेला. माझा फाटायचा. दर वेळी.

सरांनी एकदाच सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. मग माझ्या बोटांकडे बघितलं.

"सकाळी भाजीत हात आणि दुपारी इथं. तुमच्या घरी चालतं ते. इथं नाही चालत."

आमचा भाजीचा मळा भातकुलीकडे आहे. सकाळी मायसोबत सांभाराच्या जुड्या बांधून मी बसनं येते. सांभार म्हणजे सरांची कोथिंबीर. ती त्यांच्या ताटात चालते.

त्या दिवसापासून सूक्ष्मदर्शक मला बंद. सगळ्यांच्या काचा धुवायच्या, एवढंच काम. घरी जाऊन मी दगडानं हात घासत बसले. मायनं बघितलं.

"काहून घासून राहिली वं? कातडं काढतं का?"

मी सांगितलं. तिनं दगड हिसकून घेतला. "हाताची माती धुतली तं जाते. त्याच्या तोंडाले काय लागलं हाय, ते त्याले इचार."

विचारायची हिंमत नव्हती. पण रविवारी प्रयोगशाळा रिकामी असायची, आणि काचा धुवायच्या म्हणून किल्ली माझ्याकडे होती. मी माझ्या हातांनी पडदा बसवला आणि त्यावर पॉलिमर सोडलंच नाही. दिवसभर बघत बसले. एक भोक नाही. म्हणजे माझे हात निर्दोष होते. मला रडू आलं, आणि रडताना अशी चीड आली की विचारू नका.

मग फाटतो कशानं? निखिल काय वेगळं करतो? तो आळशी. काचा नुसत्या साबणानं धुवायचा, आता माझ्याकडूनही तशाच धुवून घ्यायचा. मी पुस्तकात दिल्याप्रमाणे आम्लात बुडवून, दहा पाण्यांतून काढून. पुढच्या रविवारी मी त्याच्यासारख्या धुतल्या. पॉलिमर सोडलं. पडदा शाबूत! परत माझ्यासारख्या धुतल्या. फाटला. खात्री होईपर्यंत कितीतरी रविवार हेच केलं.

आम्लानं धुतलेल्या काचेवर ऋण प्रभार जास्त येतो. साखळी आधी पडद्याला धरते, पण खालून काच तिला जास्त जोरानं ओढते. मग ती पडद्यातून वाट काढत काचेपर्यंत जाते आणि पडदा उचकटतो. जो तो पडदा आणि पॉलिमर बघत होता. खालच्या काचेकडे कुणी बघितलंच नव्हतं, सगळं तिच्यावर बसलेलं असून.

वही घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "धुण्याचं काम दिलंय, ते कर."

आणि आता अकोल्यात ते माझीच चित्रं दाखवून हसवत होते.

हसणं थांबलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक वयस्क बाई उठल्या. "आमच्याकडेही पडदा कधी फाटतो, कधी नाही. हात तेच असतात. मग कारण काय?"

"स्वच्छता," सर म्हणाले.

"कशाची?"

सर पाणी प्यायले. मी उभी राहिले. इंग्रजीत सुरुवात केली, दुसऱ्याच वाक्याला अडकले.

"बस खाली," सर म्हणाले.

"नाई बसत. तुमीच म्हनलं ना सर, काचा कशा धुवाच्या ते हिले इचारा? मंग इचारा आता."

पुढचं सगळं मी वऱ्हाडीतच सांगितलं. "काच घाण होती म्हणून नाई फाटला पडदा. लय साफ होती म्हणून फाटला." फळ्यावर काढून दाखवलं. त्या बाई वहीत उतरवून घेत होत्या. या वेळी कुणी हसलं नाही.

बाहेर व्हरांड्यात सरांचा आवाज एकदम मऊ झाला. "वही दे. शोधनिबंधात तुझे आभार मानू. नाव निखिलचं राहू दे, त्याला परदेशी जायचंय. आणि तुझ्या प्रबंधावर सही माझीच लागते, हे विसरू नकोस."

"वही देत नाही," मी म्हणाले. "पहिलं नाव माझं लागेल. सही करायची नसेल तर तसं लिहून द्या. कारणासकट."

त्यांनी लिहून दिलं नाही. सहीही केली नाही. माझी किल्ली मात्र काढून घेतली. काम माझं आहे आणि सही अडवली आहे, असा मी विद्यापीठाकडे अर्ज केला आहे, वहीच्या प्रत्येक पानाची प्रत जोडून. मूळ वही घरी आहे, मायच्या पेटीत.

रोज सकाळी मी जुड्या बांधते आणि त्याच हातांनी प्रयोगशाळेत येते. हात आता घासत नाही. माझ्या काचा मी धुते. त्यांच्यावर जे दिसेल ते माझ्या नावानं लिहिलं जाईल. दुसऱ्या कुणाच्या काचा मी धुणार नाही. सरांनी त्यांच्या काचा स्वतःच्या हातांनी धुवाव्यात.