रफूकाकूंनी ओढलेला दोरा

रफूकाकूंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्या कोपराकडे पाहिलं. मी दुकानाच्या दारात उभी होते. हातात नवऱ्याचा कोट, कोटाला सिगारेटने पडलेलं भोक आणि ओठांवर त्या भोकाची घरून पाठ करून आणलेली हकिगत. मी तोंड उघडायच्या आत आतून असा आवाज आला की फुटपाथवरची कबुतरं उडाली.

"त्या स्वेटरचं हे असं कुणी केलं?"

कोपरावरचा रफू मी स्वतः केला होता आणि मला त्याचा बराच अभिमान होता. काकू उठल्या. उठल्या म्हणजे आधी त्यांची छाती उठली, टेबलाच्या कडेवरून पुढे आली, दुकानातला उजेड थोडा कमी झाला, आणि मग तिच्या मागून सावकाश काकू आल्या. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझं कोपर न्याहाळलं. "हा रफू नाही, हा अपघात आहे," असा निकाल दिला, आणि स्वेटर माझ्या अंगातून कधी निघाला ते मला कळलंही नाही. संध्याकाळपर्यंत मी त्या दुकानात सोललेल्या केळ्यासारखी बसून होते. कोटाचं भोक राहिलंच.

तेव्हापासून आमची मैत्री.

जळलेलं, फाटलेलं, कसर लागलेलं कापड त्यांच्याकडे यायचं. त्याच कापडाच्या दुमडीतून धागे काढून काकू ते भोकावर असे विणायच्या की भोक कुठे होतं हे मालकालाही आठवत नसे. काम झालं की परीक्षा ठरलेली. आधी कापड खिडकीच्या उजेडाला धरायचं, मग डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचा. अंगठा अडखळला की सगळं उसवून पुन्हा. गिऱ्हाईक लग्नाला निघालेलं असलं तरी पुन्हा. "दिसला तर तो रफू कसला?" म्हणायच्या.

त्याच खिडकीतून समोरचा पोहण्याचा तलाव दिसायचा. तलाव म्हणजे त्याचं दार. ओल्या केसांच्या, लाल डोळ्यांच्या, उगाचच आनंदी दिसणाऱ्या बायका त्यातून बाहेर पडायच्या आणि काकू सुई थांबवून त्यांच्याकडे बघत राहायच्या.

"जा की एकदा," मी म्हणायची.

"कपडे बदलायची खोली एकच आहे गं सगळ्यांना. मी आत शिरले तर त्या बिचाऱ्यांनी उभं कुठे राहायचं?"

हे त्या हसून सांगायच्या. हसताना मात्र एक हात मानेवर असायचा. दिवसभर वाकून बसायचं, त्यात ते वजन. मान आखडलेली, पाठ धरलेली, खांद्यांवर पट्ट्यांनी पडलेल्या खाचा. शेवटी हाताला मुंग्या येऊन सुई सुटायला लागली तेव्हा काकूंनी छाती कमी करण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, निवृत्त पोस्टमन. ते दवाखान्याच्या बाकावर इतके लाजून बसले होते की आत मलाच जावं लागलं. सर्जनबाई तरुण होती. तिने कागदावर चित्र काढून दाखवलं: एक गोल, त्याखाली सरळ रेघ आणि तळाशी आडवी.

"म्हणजे शिवणी सगळ्या इथे मिळणार," काकूंनी रेघांच्या जोडावर बोट ठेवलं. "पँटच्या बैठकीत असंच असतं. तिथेच उसवतं."

"बरोबर. ती जागा जपायची."

"आणि धागा?"

"आतला आपोआप विरघळणारा."

"विरघळणारा?" काकू माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर कोट तोंडावर फेकेल!"

"आतलं जुळून आलं की त्याचं काम संपतं, काकू."

"बरं. आणि दिसणार किती?" काकूंनी विचारलं खरं, पण आवाज एकदम बारीक झाला होता. तलावाचं दार तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, हे मला माहीत होतं.

"व्रण पूर्ण जात नाहीत. आधी लाल आणि जाड दिसतील, मग फिकट होत जातील. वर्ष-दीड वर्ष धरा. काळजी घेतलीत तर बारीक रेघ राहील."

"वर्ष! मी परवा देते."

सर्जनबाईने काळजी म्हणजे काय ते सांगितलं. आधी टेप. जखमा पूर्ण भरल्या की सिलिकॉनची पट्टी, मग ती सांगेल तेव्हा हलकी मालिश. व्रणाला ऊन लागू द्यायचं नाही. तार नसलेली, आधार देणारी ब्रा. काही आठवडे हात वर करायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही. "आणि काहीही ओढायचं नाही. टाक्याचं टोक बाहेर डोकावलं तरी नाही. मला फोन करायचा."

"मला शिकवतेस?" काकू प्रेमाने म्हणाल्या.

ऑपरेशन छान झालं. काकू सरळ बसू लागल्या आणि खिडकीबाहेर बघायला त्यांना मान वर करावी लागेना. वरच्या फळीवरचं सगळं काका काढून देत. ते साखरेच्या डब्याला मीठ म्हणत आणि मिठाच्या डब्याला काहीच म्हणत नसत. समाचाराला नणंद आली. तिच्याकडे जगातल्या प्रत्येक डागावर उपाय होता.

"वहिनी, लिंबू चोळा. लख्ख होतं."

"मी काय पितळेचा डबा आहे?"

"मग टूथपेस्ट तरी. आमच्या शेजारणीचा भाजल्याचा डाग गेला."

"डाग गेला की शेजारीण गेली?"

नणंदेला काकूंनी असं परतवून लावलं. टेप वेळेवर, ब्रा बिनतारेची, हात खाली. इतकी आज्ञाधारक पेशंट आपण पाहिली नाही, असं सर्जनबाईही म्हणाली. फार लवकर म्हणाली.

एका सकाळी काकूंचा फोन आला. "ये," एवढंच.

मी पोचले तर त्या पलंगावर छातीशी टॉवेल धरून बसल्या होत्या. काका दाराबाहेर तोंड फिरवून उभे.

"आरशात दिसला," काकू म्हणाल्या. "त्या जोडावर. एवढासा. लोंबत होता गं."

"मग?"

"मग काय! लोंबता दोरा मी आयुष्यात कधी ठेवलाय का?"

"काकू, ओढलात?"

"चिमटा उकळून घेतला होता," त्या दुखावून म्हणाल्या.

दोरा विरघळणारा असला तरी अजून विरघळला नव्हता. तो आला, आणि त्याच्याबरोबर डाळीच्या दाण्याएवढी जागा उघडून ओली झाली. सर्जनबाईने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "काकू, मी कधी तुमच्या दुकानात येऊन कोट उसवलेत का?"

काकूंनी चिमटा उशीखाली सरकवला. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या जागेला ड्रेसिंग सुरू झालं. सिलिकॉनची पट्टी बाकी सगळीकडे लागली, तिथे उशिरा. जखम भरली, पण रुंद भरली. पुढे महिनोन्‌महिने काकू रोज खिडकीचा पडदा ओढून आरसा धरायच्या. "पुन्हा उसवून नीट करता येईल?" असं त्यांनी सर्जनबाईला विचारलं. "येईल," ती म्हणाली, "पण एवढ्याशासाठी मी नाही करणार." काकूंना हे पटेना. एवढ्याशासाठी त्यांनी लोकांच्या लग्नाच्या वराती थांबवल्या होत्या.

वर्ष उलटलं. एके दिवशी त्यांनी मला दुकानातल्या पडद्यामागे नेलं आणि ब्लाउजची बटणं काढली.

"डोळे मीट. अंगठा फिरव. खरं सांगायचं."

मी लाजेने मेले, पण रफूकाकूंना नाही म्हणायची सोय नव्हती. मी अंगठा फिरवला. गोलावर काही लागलं नाही, सरळ रेघेवर जेमतेम. खाली जोडाशी अंगठा अडखळला.

"इथे लागतं."

"तो माझा," काकू म्हणाल्या. "बाकीचे तिचे." आणि बटणं लावत, मोठ्या कष्टाने, "पोरीचा हात बरा आहे."

अंगठा अडखळलेलं काम काकूंनी दुकानाबाहेर जाऊ दिलं ते तेवढं एकच. दुसऱ्या दिवशी त्या गडद निळा पोहण्याचा पोशाख घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. मी बरोबर होते, धीर द्यायला.

कपडे बदलायची खोली भरलेली होती. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि सगळं काढलं. कुणी वळूनही पाहिलं नाही. एकीचा मोजा हरवला होता, एक पोट आत ओढून आरशासमोर उभी होती, एक फोनवर कुणाला तरी कुकर बंद करायला सांगत होती. शेवटी एका बाईची नजर काकूंवर खिळली. काकूंनी टॉवेल घट्ट धरला.

"तुम्ही समोरच्या रफूवाल्या ना?" ती म्हणाली. "माझी शाल झाली का हो?"

काकू पाण्यात उतरल्या. कठड्याला धरून एक फेरी मारली, नाकात पाणी गेलं, बाहेर आल्या.

पाणी फार गार होतं. त्या पुन्हा तिकडे गेल्या नाहीत.